मैमूनेचे बसणे

मैमूना बसून जेवली आहे, असे त्या बेटावरच्या दिक्समच्या पठारावर कोणी पाहिलेले नव्हते. भाताचे थोरले ताट सर्वांच्या मधोमध मांडले जाई, त्यावर खारवलेला सुका मासा कुस्करला जाई, घरची माणसे मांडी घालून भोवती बसत. आणि मैमूना एक घास उजव्या हातात घेऊन दारापर्यंत जाई, डावा हात डोळ्यांवर धरून उतारावरच्या दगडी भिंतीकडे पाही, परत येई आणि दुसरा घास घेई. सून झैना, मुलगा सालेमची बायको, म्हणे, "आत्याबाई, तुमचा घास पोटात जातो की पायांत?"

"पायांत," मैमूना म्हणे. "पोटाला काय, ते जागच्या जागी असतं."

त्या भिंतीच्या आत रक्तवृक्षाची रोपे होती आणि भिंतीच्या बाहेर साऱ्या पठाराच्या शेळ्या. एवढ्यात मैमूनेच्या अस्वस्थतेचे सारे भाष्य येऊन जाते.

रक्तवृक्षाशी तिचे नाते तिच्या पहिल्या श्वासाइतके जुने. ती जन्मली तेव्हा आईचे रक्त थांबेना. सुईणीने कनवटीचा लाल खडा दगडावर उगाळला, दुधात कालवला आणि आईच्या ओठांना लावला. रक्त थांबले. झाडाच्या खोडाला जखम झाली म्हणजे जो तांबडा रस पाझरतो आणि वाळून खड्यासारखा होतो, तोच हा. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांच्या बटव्यात हिरादखण नावाची जी गडद वस्तू असे, ती बहुधा याच कड्यांवरून निघून समुद्र ओलांडीत येत असावी. मैमूनेची आई पुढे कितीतरी वर्षे जगली आणि कोणी मुलीचे कौतुक केले की म्हणे, "मी हिला दूध पाजलं, पण मला त्या झाडानं पाजलं होतं." अशा वाक्यांच्या सावलीत जे मूल वाढते, त्याला झाड हे केवळ झाड वाटत नाही.

लग्न झाले तेही झाडांच्याच घरात. नवरा मसऊद दरवर्षी मोठ्या वाऱ्याचे दिवस सुरू होण्याआधी लोखंडाची पहार घेऊन रस काढायला चढे. पठाराच्या वरच्या खांद्यावर त्यांच्या कुळाची झाडे होती. कोणते झाड कोणाचे हे इथे मुलांना पाढ्यांसारखे पाठ असते. प्रत्येक झाडाचा बुंधा एकटा, सरळ. आणि वर फांद्यांची दाट वीण, जणू कोणी आकाशालाच छत्र धरावे. पहाटेचे धुके त्या छत्रात अडके आणि पानांच्या टोकांवरून थेंबाथेंबाने मुळांशी उतरे. मसऊद जुनीच जखम पुन्हा उघडीत असे, नवी करीत नसे. तो म्हणे, "म्हाताऱ्या माणसाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारावी. नवं विचारलं की तो रागावतो."

मग ते वर्ष आले, ज्या वर्षी एकाच आठवड्यात समुद्रावरून दोन वादळे लागोपाठ चालून आली. पहिल्याने घराचे छप्पर आणि निम्म्याहून अधिक शेळ्या नेल्या. दुसऱ्याने झाडे नेली. उघडीप झाली तेव्हा नवराबायको वरच्या खांद्यावर गेली. पाहतात तो छत्रे जमिनीला टेकलेली आणि मुळे आकाशाकडे वळलेली. मसऊद एकेका बुंध्यावर हात ठेवीत संध्याकाळपर्यंत फिरला. कोणाच्या तरी दीर्घ मयतीत सर्व नातलगांना भेटून यावे तसा. पुढल्या वर्षी तो छातीच्या दुखण्याने गेला. वादळाने नेला, असे मैमूना कधी म्हणाली नाही. पण तारीख विचारली की ती वादळापासूनच मोजी.

त्या पडझडीत हिंडताना मैमूनेला एक गोष्ट दिसली. ती नवी नव्हती, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि म्हणूनच कोणी पाहिली नव्हती. पडलेली झाडे म्हातारी होती, आणि उभी राहिलेली तीही म्हातारी. तरुण झाड कुठेच नव्हते, गुडघ्याएवढेही नव्हते. बी पडे, रुजे, दोन पाती वर काढी, आणि शेळीच्या एका घासात त्या वंशाचा निकाल लागे. हे कित्येक पिढ्या चालले होते. झाडांचे आयुष्य माणसांच्या आयुष्याहून इतके लांब की, म्हातारपण हीच झाडांची प्रकृती आहे असे सगळे धरून चालले होते.

एक झाड आडवे पडूनही त्या वर्षी फळले. नारिंगी फळांचे घोस जमिनीला लागलेले. मैमूनेने शेळ्यांच्या आधी ते खुडले. बिया दुधाच्या रिकाम्या डब्यांत रुजवल्या, डबे छपराच्या सावलीत ठेवले, चुलीवरची हंडी विसरली पण डब्यांना पाणी घालायला विसरली नाही. रोपे जराशी धरली तेव्हा तिने ती उतारावरच्या खडकांच्या भेगांत, काटेरी झुडपांच्या ओटीत नेऊन लावली, जिथे धुके ओठंगते. आणि मग सुरू झाले ते वाट पाहणे. वर्षे गेली. रोपे करडाच्या दाढीएवढी झाली. बायका म्हणत, "मैमूना, तुझं गवत बाकी छान वाढलंय हो!" आणि मैमूना म्हणे, "तुमच्या नातवंडांना सांगा, मग हसा."

भोवतीची भिंत तिने आपल्या हातांनी रचली, कोरड्या दगडांची, खांद्याएवढी. पण शेळीला भिंत म्हणजे पायरी. भिंतीमागे माणसांचा धाक हवा. म्हणून ती सुवैलिम मुकद्दमांकडे गेली. पठारावरचे तंटे, लग्ने आणि कुरणे यांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. या लोकांत एखादे कुरण राखून ठेवायचे असले तर मुकद्दम त्याच्या वाटेवर पांढरा दगड ठेवतात. तो दगड दिसला की गुराखी आपली जनावरे वळवून नेतो. पांढऱ्या दगडापलीकडे शेळी सोडणाऱ्याच्या घरी कोणी पाणीही पीत नाही. मैमूनेने पांढरा दगड मागितला. मुकद्दमांनी ठेवला. पठाराने मानला. त्या दिवसापासून आत एकही जनावर शिरले नाही, आणि राखल्यामुळे आत गवतही कमरेएवढे माजले.

चूक झाली ती इथे. ती चूक इथल्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती, आणि ती उमगायला दुष्काळ यावा लागला.

हिवाळ्याचा पाऊस त्या वर्षी आलाच नाही. धुकेही उशिरा येई आणि लवकर जाई. दक्षिणेकडच्या नोगदच्या सपाटीवर तर जमीन भाजलेल्या कातडीसारखी झाली. तिथे मैमूनेची धाकटी बहीण तुफूल दिली होती. नोगदकडून हदिबोच्या बाजाराला जाणाऱ्या मालवाहू गाडीच्या चालकाने एके सकाळी गाडी न थांबवताच हाक दिली, "मैमूनाकाकू! तुफूल निघालीय. सगळा कळप घेऊन. शुक्रवारच्या नमाजानंतर पोहोचते म्हणाली."

"कुठं पोहोचते?"

"कुठं म्हणजे? तुमच्या बंद कुरणात! सगळीकडं तेच चाललंय." आणि धूळ उडवीत गाडी निघून गेली.

मैमूनेच्या हातातले ताक अंगणात सांडले. चुलीभोवती कोंबड्यांसारखी वावरणारी पांढरी गिधाडे ते टिपायला धावली. बंद कुरण कशासाठी असते हे तिला नव्याने सांगण्याची गरज नव्हती. सुबत्तेत बंद करायचे ते टंचाईत उघडण्यासाठी. आणि उघडायचे ते आधी स्वतःच्या नव्हे, आपल्याहून अधिक गांजलेल्या माणसाच्या जनावरांना. हा धर्म इथे खडकाइतका जुना आहे. पांढरा दगड म्हणजे कुलूप नव्हे, ते एक वचन असते.

आणि वचनावर वचन असे की, वादळाच्या वर्षी उरल्यासुरल्या शेळ्या घेऊन मैमूना जेव्हा नोगदला गेली, तेव्हा तुफूलने तिला बोलूही दिले नव्हते. लांबून बहीण दिसताच तिने आपल्या हाताने वाटेतला दगड बाजूला लोटला होता.

मैमूना मुकद्दमांकडे गेली तेव्हा ते दारासमोर बसून लोण्याची कातडी पिशवी शिवीत होते.

"या, सालेमची आई. बसा."

"बसायला वेळ नाही."

"तो तुम्हाला कधी होता? उभ्यानं बोला मग."

"माझं कुरण उघडायचं नाही."

मुकद्दमांनी दोरा दातांनी तोडला. "कुरण म्हणता, आणि उघडायचं नाही म्हणता. मग ते कुरण कसलं? तिजोरी झाली."

"मी कुरण मागितलंच नव्हतं. रोपांना राखण मागितली होती."

"तोंडानं काय मागितलं ते आता मला आठवत नाही. दगड कोणता मागितला ते आठवतं. मीच खांद्यावरून आणला. कंबर अजून दुखते."

"मग दुसरा दगड ठेवा. रोपांचा."

"रोपांचा दगड कुठला असतो, सांगा. आत्ता जाऊन आणतो."

मैमूनेने अंगणातल्या दगडांवरून नजर फिरवली. असा दगड नव्हताच. पाण्याच्या पाळीची रीत होती, मधाच्या पोळ्याची होती, कोणाच्या झाडाचा रस कोणी काढावा याची होती, पाहुण्याला शेळीचा कोणता भाग वाढावा याचीही होती. पूर्वजांनी सगळ्याला मर्यादा घालून दिल्या. पण झाडाच्या पोराला कोणापासून राखावे लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल. ज्या गोष्टीची भीती नसते तिचा विधी नसतो.

ती पुन्हा म्हणाली, "गवत मी कापते. भारे बांधते, भिंतीबाहेर ठेवते. एक काडी मागं ठेवणार नाही."

"म्हणजे पाहुण्याला बाहेर उभं करून भिंतीवरून फेकायचं. कुत्र्याला फेकतात तसं."

"तसं नाही हो..."

"तुफूलनं तुम्हाला वादळाच्या साली भिंतीवरून दिलं होतं?" मुकद्दमांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "सालेमची आई, मला तुमची रोपं दिसत नाहीत असं समजू नका. पण मी आज तुमच्यासाठी रीत वाकवली, तर उद्या जो तो आपल्या भिंतीआड काहीतरी लावून बसेल. कुणी कांदे लावील. आणि मग ज्याच्याकडं भिंत नाही, त्यानं मरायचं."

त्यात खोटे काहीच नव्हते. म्हणून तर मैमूनेचे पाय अधिकच जळू लागले.

शुक्रवार येईपर्यंत ती कोणाला एका जागी दिसली नाही. पहिल्या दिवशी तिने काटेरी फांद्या तोडून रोपांभोवती जाळ्या विणल्या. जाळी टिकते का ते पाहायला तिने झैनाचा बोकड आणवला. लांब दाढीमुळे आणि कोणाचेही न ऐकण्यामुळे त्याला सारी वस्ती काझी म्हणे. काझीने जाळीभोवती विचारपूर्वक एक फेरी घातली, आणि मग काटे खायला सुरुवात केली.

झैना हसू दाबीत म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही त्याला आधी चटणी दिलीत, आता भात मागतोय."

"तुला हसू सुचतंय!"

"रडू का मग? रडले तर काझी थांबेल?"

दुसऱ्या दिवशी तिने रोपांभोवती दगडांचे गोल रचले. उंच रचले तर आत धुके पोहोचेना, ठेंगणे रचले तर शेळीची मान पोहोचे. ती रची आणि मोडी, मोडी आणि रची. एक रोप मुळासकट काढून घरी न्यावे म्हणून भेगेत बोटे घातली. पण मूळ खडकाच्या पोटात असे शिरले होते की ओढले तर तुटणार. तिने हात मागे घेतला. ज्याला धरून ठेवायचे शिकवले, त्याला आता सोड म्हणणे शक्य नव्हते.

गुरुवारी दुपारी तिच्या मनात एक विचार आला. तो विचार कुठून आला हे ती पुढे कधीच सांगू शकली नाही. गवत नसलेले कुरण उघडावे लागत नाही. तिने विळा घेतला. भिंतीच्या आत शिरून ती वाकली आणि कापीत सुटली. ती भारे बांधीत नव्हती, नुसती कापीत होती आणि मागे फेकीत होती. हे सगळे कड्यावरून खाली लोटून द्यायचे, उद्या तुफूलला दाखवायचे, बघ बाई, काही उरलेले नाही. घाम डोळ्यांत उतरत होता. हात थांबत नव्हते. भिंतीवरून झैनाचा आवाज आला, "आत्याबाई, हे कुणासाठी कापताय?"

मैमूनेने वर पाहिले. झैनाच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तिला कळले होते.

"माझी आई नोगदचीच आहे," झैना म्हणाली. "तिकडं होती त्या जाड, पाणीदार बुंध्यांच्या काकडीच्या झाडांची खोडंसुद्धा तोडून घातलीत जनावरांना. आता खोडंही संपली."

विळा मैमूनेच्या हातातून आपोआप सुटला. कापलेले गवत लांब कोपऱ्यात ढीग होऊन पडले होते. ते तिने तिथेच राहू दिले. त्या संध्याकाळी ती भिंतीभोवती इतक्या फेऱ्या घालीत राहिली की शेजारणी म्हणाल्या, हिने आज भिंतीला प्रदक्षिणेचे पुण्य दिले.

शुक्रवारी नमाजानंतर दक्षिणेच्या चढावर धूळ दिसली. शेळ्या ओरडत नव्हत्या. ओरडायला लागणारे बळही त्यांच्यात उरले नव्हते. पुढे तुफूल चालत होती. तिच्या खांद्यावर एक करडू, मान लोंबत असलेले. मुकद्दम आणि चारदोन माणसे वाटेवर उभी होती. कुरणाचा दगड उचलायचा तो मालकाच्या हाताने, इतरांनी फक्त पाहायचे.

तुफूलने बहिणीला पाहिले. "काय गं, अजून उभीच? मला वाटलं, एवढ्या वर्षांत बसायला शिकली असशील."

"तू वाळलीस, तुफूल."

"मी कुठं? माझ्या शेळ्यांची हाडं बघ, त्यापुढं मी जेवून आलेली पाहुणीच दिसते." मग तिची नजर भिंतीआड गेली आणि आवाज बदलला. "ती रोपं आत आहेत ना? मला ठाऊक नव्हतं, मैमूना. गाडीवाल्यानं नुसतं कुरण म्हटलं. ठाऊक असतं तर मी..."

"तर काय? परत गेली असतीस? कुठं?"

तुफूलने खांद्यावरचे करडू सावरले. मैमूना वाकली. पांढरा दगड तिला वाटला होता त्याहून हलका निघाला. तिने तो बाजूला ठेवला, वरचे दोनचार दगड उतरवले, आणि वाट मोकळी झाली.

शेळ्या आत शिरल्या त्या थेट कोपऱ्यातल्या ढिगाकडे. कालच्या पापाचा ढीग आज आडवा आला, आणि दुपारपर्यंत त्यांनी दुसरीकडे तोंड वळवले नाही. मैमूनेला तेवढा वेळ मिळाला. पण ढीग संपला तशी जनावरे पसरू लागली. मैमूना एका रोपाकडून दुसऱ्याकडे धावू लागली. इकडे हाकलावे तर तिकडे मान खाली जाई. काझीही कुठूनसा आत शिरला होता आणि पाहुण्यांना वाट दाखवीत असल्यासारखा सर्वांच्या पुढे होता. एका शेळीने झुडपात तोंड खुपसले, मान झटकली, आणि करडाच्या दाढीएवढे ते हिरवे, इतक्या वर्षांचे, तिच्या दातांत लोंबू लागले. मैमूनेने किंकाळी फोडली. शेळीने चावणे थांबवले नाही. तिच्या फासळ्यांवरून ऊन सरकत होते.

मैमूनेच्या पायांनी आयुष्यात प्रथमच तिची साथ सोडली. उतारावरच्या एका लांब भेगेत तीन रोपे शेजारीशेजारी होती, सर्वांत जोमदार. ती त्या भेगेवर जाऊन बसली. पाय दोहों बाजूंना पसरले, झग्याचा घेर रोपांभोवती ओढून घेतला. शेळी आली, तिने झग्याची कड चावून पाहिली. मैमूनेने तिच्या नाकावर चापट मारली. शेळी गेली, दुसरी आली. मैमूना उठली नाही.

तुफूलने लांबून पाहिले. जवळ आली, उभी राहिली, मग पलीकडच्या झुडपाशी एका रोपाशेजारी बसली आणि पाय पसरले.

"मैमूना."

"काय?"

"तुला बसवायला माझ्या शेळ्या याव्या लागल्या बघ."

"गप्प बस. तुझ्या डाव्या हाताला बघ, ती काळी येतेय."

बातमी वस्तीत पोहोचायला वेळ लागला नाही. मैमूना बसली आहे! रोपे खाल्ली गेली, पाहुणे आले, दुष्काळ पडला, या गोष्टी पठाराने ऐकल्या होत्या. ही नवी होती. दुसऱ्या सकाळी बायका मुद्दाम पाहायला आल्या, हातात लोकर आणि चात्या घेऊन, कारण रिकाम्या हाताने तमाशा पाहणे बरे दिसत नाही.

"अगंबाई, खरंच की! मैमूना, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. तुम्ही उभ्या का? बसा. तिथं नाही, त्या झुडपाशी. पाय लांब करा. हां."

"मी नुसती बघायला आले होते हो."

"मग बसून बघा. आणि तू, हलीमा, त्या खडकाशी. शेळी आली की नाकावर मार, पाठीवर नको. पाठीवर आता कातडंच आहे."

कोणी हसत बसली, कोणी कुरकुरत बसली. चात्या फिरू लागल्या. ज्या रीतीला दगड नव्हता, तिला अशी माणसे मिळाली. सगळी रोपे वाचली नाहीत. मागच्या बाजूच्या भेगांपाशी बसायला कोणी पुरले नाही आणि तिथे शेळ्यांनी खडकही चाटून काढला. मैमूना तिकडे पाही, उठावेसे वाटे, हात जमिनीला टेके. पण उठली असती तर मांडीखालची तीन गेली असती. जे उठून वाचवता येत नाही त्याच्याकडे बसून पाहावे लागणे, यासारखी शिक्षा चंचल माणसाला दुसरी नसेल. तिने ती सोसली. जेवण झैना तिथेच आणून देई. मैमूना बसल्या जागी खाई, पण ते जेवण नव्हते, पहारा होता.

गवत संपले. तुफूलच्या शेळ्यांच्या मानेत थोडा ताठपणा आला. खांद्यावर आलेले करडू आता आईच्या मागे उड्या मारीत होते. धुके पुन्हा पहाटे थोडे टिकू लागले होते, आणि उत्तरेच्या बाजूला पाऊस पडल्याचे गाडीवाला सांगून गेला होता. निघण्याच्या दिवशी तुफूल बहिणीसमोर उभी राहिली.

"ऊठ आता. गेल्या शेळ्या."

"पायांना मुंग्या आल्यात."

"मग मी ओढू?"

"नको. जा तू. ऊन चढेल." मग तिने बहिणीचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तुफूलने रोपांकडे पाहिले. बहिणीच्या झग्याला तीन ठिकाणी शेळ्यांच्या दातांची भोके पडली होती.

"झगा पाठवते नवा," तुफूल म्हणाली.

"नको. हाच असू दे. पुढच्या वेळी लागेल."

कळप उतारावरून दिसेनासा झाला. तेवढ्यात सुवैलिम मुकद्दम आले. कुरण मोकळे झाले की ते पुन्हा बंद करायचे. त्यांनी पांढरा दगड उचलला आणि वाटेवर ठेवायला वाकले.

"तो ठेवू नका," मैमूना म्हणाली.

मुकद्दम वाकलेल्या कमरेनेच थांबले. "मग काय, उघडं टाकू? उद्या सकाळपर्यंत तुमची उरलेली पण जातील."

"तो कुरणाचा दगड आहे. तो ठेवला की पुन्हा एक दिवस उचलावा लागेल. आता इथं कुरण नाही. नुसती रोपं आहेत."

"आणि रोपांना दगड नाही."

"नाही. म्हणून इथं माणूस लागतं." ती दोन्ही हातांवर भार देत कशीबशी उठली. पाय तिचे राहिले नव्हते. ती डुलली, सावरली. "झैना म्हणते घरी गरम भात झालाय. तुम्ही बसा जरा. मी जेवून येते."

"मी?"

"त्या भेगेपाशी. लुंगी आवरून बसा, काझी येईल."

मुकद्दमांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. भिंतीपलीकडे बायका चात्या फिरवीत उभ्या होत्या आणि कोणीच हसत नव्हती, म्हणजे हसू फार मोठे होते. पठाराची सर्व कुरणे ज्याच्या शब्दाने बंद होत आणि उघडत, तो म्हातारा माणूस कण्हत, कंबर धरीत, भेगेच्या काठावर बसला. बसल्यावर मात्र त्याने मान वाकवून तिथल्या त्या तीन हिरव्या झुबक्यांकडे पाहिले. त्यांना तो इतक्या जवळून प्रथमच पाहत होता.

"एवढंसंच?" मुकद्दम पुटपुटले. "एवढ्यासाठी?"

"एवढंसंच," मैमूना म्हणाली आणि निघाली.

घरी झैनाने ताट मांडले. मैमूना मांडी घालून बसली. झैनाच्या हातातली पळी थांबली. मैमूनेने भातावर मासा कुस्करला, पहिला घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घास उचलला, आणि उठली. दारापाशी गेली. डावा हात डोळ्यांवर धरला.

मुकद्दम बसले होते. समोर काझी उभा होता, आणि दोघे एकमेकांकडे पाहत होते.

मैमूना परत येऊन ताटाशी बसली.